ट्रेडची बातमी हाती आली की आधी काय बघायचं

आमच्या आइस हॉकी संघाचा, व्हँकूव्हर कनक्सचा, कोण कुठे चाललाय, ही चर्चा आमच्या गावात बारा महिने चालते. ऑक्टोबरात हंगाम लागायच्या आधीच ती सुरू होते आणि संघ प्लेऑफच्या बाहेर पडला की थांबायच्या ऐवजी आणखी जोर धरते. स्कायट्रेनमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, रॉजर्स अरीनाबाहेरच्या रांगेत, कुठेही उभे राहा, शेजारचे दोघं कुणाला तरी कुठे तरी पाठवत असतात. मी बर्नबीत राहते आणि एका कंपनीत पगारपत्रकं करते. त्यामुळे ट्रेडची बातमी आली की माझी नजर आधी खेळाडूच्या करारावर जाते. माझा भाचा शिकायला इथे आलाय. त्याला दर चार दिवसांनी "मावशी, हा खरंच जातोय का गं?" असं विचारल्याशिवाय चैन पडत नाही. त्याला जे सांगते तेच इथे नीट लिहून काढते.

नवीन माणसासाठी एवढंच. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग, तिच्यात ३२ संघ आहेत. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. खेळाडूचा एका संघाशी काही वर्षांचा करार असतो आणि संघ तो करार जसाच्या तसा दुसऱ्या संघाला देऊ शकतो. बदल्यात दुसरा खेळाडू घेतो, नाहीतर ड्राफ्टमधला पिक, म्हणजे तरुण खेळाडू निवडायचा हक्क. करारात तसं कलम नसेल तर खेळाडूला कुणी विचारत नाही. रात्री फोन येतो आणि सकाळी तो दुसऱ्या शहराच्या विमानात असतो.

आधी करार उघडा

करारांची माहिती सगळ्यांना बघता येते. पूर्वी कॅपफ्रेंडली नावाची साइट होती. २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने ती विकत घेतली आणि लोकांसाठी बंद झाली. आता मी पकपीडिया बघते. तिथे खेळाडूचं नाव टाकलं की चार गोष्टी बघायच्या: वर्षाचा कॅप हिट (संघाच्या पगारमर्यादेत धरली जाणारी रक्कम) किती, करार कधी संपतो, संपल्यावर तो मोकळा होतो की संघाचा हक्क राहतो, आणि कलम कुठलं आहे.

यातलं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि गप्पा मारताना लोक नेमकं तेच सोडून देतात. नो-मूव्ह कलम असेल तर खेळाडूच्या होकाराशिवाय त्याला ट्रेड करता येत नाही, वेव्हर्सवर टाकता (म्हणजे बाकीच्या संघांना त्याला फुकट उचलायची संधी देता) येत नाही, खालच्या लीगमध्येही पाठवता येत नाही. नो-ट्रेड कलमात फक्त ट्रेड अडतो. तिसरा प्रकार यादीचा: खेळाडू ठरावीक संघांची नावं देतो, कधी "इथे जाईन" म्हणून तर कधी "इथे जाणार नाही" म्हणून. दहा संघांना नकार देणारी यादी आणि दहाच संघांना होकार देणारी यादी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत जीएमपुढे (खेळाडूंचे व्यवहार बघणाऱ्या जनरल मॅनेजरपुढे) एकवीस दारं उघडी राहतात, दुसरीत दहाच. आणि ती दहा कुठली हे बाकीच्यांना कळलं की भावही पडतो.

कलम कुठल्या तारखेपासून लागू होतं तेही बघा. खेळाडू वयाने २७ चा झाल्यावर किंवा त्याचे सात हंगाम पुरे झाल्यावरच असं कलम लागू होऊ शकतं. म्हणून तरुण खेळाडूच्या मोठ्या करारात सुरुवातीची वर्षं कलमाविना जातात. इलायस पेटरसनचा करार आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी १६ लाख डॉलरचा. तो २०२४-२५ पासून सुरू झाला, पण नो-मूव्ह कलम लागू झालं १ जुलै २०२५ ला. त्या आधीच्या वसंतात त्याच्या ट्रेडची चर्चा शिगेला पोचली होती, कारण त्या तारखेपर्यंत संघ स्वतःच्या मर्जीने त्याला हलवू शकत होता. तारीख उलटली आणि निर्णयाची चावी त्याच्या हातात गेली. "पेटरसनला पाठवून टाका" असं १ जुलैनंतर कुणी म्हणालं तर पुढचा प्रश्न एकच: त्याने हो म्हटलंय का?

जाता जाता, आमच्या संघात इलायस पेटरसन नावाचे दोन खेळाडू आहेत, एक सेंटर (मधला आक्रमक) आणि एक तरुण डिफेन्समन (बचावपटू). शिवाय मार्कस पेटरसन आहे, तोही डिफेन्समन. नुसतं आडनाव लिहिलेली बातमी वाचताना तिघांपैकी कोण, हे आधी ठरवून घ्या.

हिशोब जमतो का

बहुतेक अफवा इथेच गळून पडतात. सॅलरी कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख. साथीच्या काळात ती ८ कोटी १५ लाखांवर तीन हंगाम अडकून पडली होती. त्या वर्षांत ट्रेड म्हणजे निव्वळ पगाराचा बोजा कुणाच्या गळ्यात मारायचा एवढंच उरलं होतं. आता मर्यादा भराभर वाढतेय, त्यामुळे "हा करार कुणी घेणार नाही" असं ज्याच्याबद्दल बोललं जायचं, त्यालाही गिऱ्हाईक मिळू शकतं. जुन्या अंदाजांवर नवीन वर्षाची बातमी मोजू नका.

कॅपचा हिशोब दिवसाच्या दराने होतो. महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्या माणसाचा पगार मी जसा दिवसांवर काढते, अगदी तसाच. हंगाम साधारण १९० दिवसांचा. मार्चमधल्या डेडलाइनला, म्हणजे ट्रेड करायच्या शेवटच्या तारखेला, साधारण ४० दिवस उरतात. समजा एखाद्या संघाने पहिल्या दिवसापासून १० लाख डॉलरची जागा मोकळी ठेवली. ती रोज थोडी थोडी साठत जाते आणि डेडलाइनच्या दिवशी तोच संघ वर्षाला ४७ लाखांच्या आसपास कॅप हिट असलेला खेळाडू घेऊ शकतो, कारण त्या खेळाडूचे चाळीसच दिवस मोजायचे असतात. म्हणून "त्यांच्याकडे दहाच लाखांची जागा आहे, ते कसे घेणार" असं कुणी नोव्हेंबरात म्हटलं तर ऐकून घ्या, पण मार्चमध्ये तोच हिशोब पुन्हा मांडा. मात्र एखादा संघ दीर्घकाळ जखमी खेळाडूंसाठीची सवलत वापरत असेल तर त्याची जागा अशी साठत नाही. हा बारकावा मोठमोठ्या कार्यक्रमांतही सुटतो.

मग पगार राखून ठेवणं. विकणारा संघ खेळाडूच्या पगाराचा निम्म्यापर्यंत हिस्सा स्वतःकडे ठेवू शकतो. ८० लाखांचा खेळाडू घेणाऱ्याला ४० लाखांत पडतो. अशा जागा प्रत्येक संघाकडे एका वेळी तीनच असतात, आणि करार संपेपर्यंत ती जागा अडकून राहते. पूर्वी डेडलाइनच्या दिवशी मध्ये तिसरा संघ घालून उरलेल्याचाही निम्मा भाग कापायचे, म्हणजे ८० लाखांचा खेळाडू २० लाखांत. नव्या नियमाने दोन वेळा पगार राखण्यात हंगामाचे ७५ दिवस जावे लागतात, त्यामुळे एकाच दुपारी होणारा तो प्रकार बंद झाला. २०२५ च्या डेडलाइनपर्यंतचे व्यवहार आठवून "तिसरा संघ घालतील की" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. प्लेऑफमध्येही आता मैदानात उतरणाऱ्या वीस जणांवर कॅप लागू झाला आहे. २०२१ मध्ये निकिता कुचेरोव्ह अख्खा साखळी हंगाम जखमी यादीत राहून थेट प्लेऑफला टँपा बेकडून उतरला होता, तो रस्ता आता अरुंद झालाय.

आणखी दोन आकडे हाताशी ठेवा: एका संघाचे जास्तीत जास्त ५० करार आणि डेडलाइनपर्यंत मुख्य चमूत २३ जण. तीन खेळाडू देऊन एक घ्यायचा बेत विकणाऱ्याला कितीही गोड वाटो, समोरच्याचे ४९ करार झालेले असतील तर तो बेत तसाच राहतो.

याच संदर्भात ॲबट्सफर्डबद्दल सांगते. आमचा खालच्या लीगचा संघ तिथे खेळतो, त्या लीगचा २०२५ चा कॅल्डर कपही त्यांनी जिंकला. एखादा तरुण खेळाडू अचानक ॲबट्सफर्डला पाठवला आणि दोन दिवसांनी परत बोलावला की लगेच "काहीतरी मोठं शिजतंय" अशी कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा ते मधल्या दोन दिवसांचा कॅप वाचवण्यासाठी असतं. ज्यांना वेव्हर्सशिवाय पाठवता येतं असेच खेळाडू त्यात असतात. तसं असेल तर बातमी बाजूला ठेवा.

सांगणारा कोण, आणि त्याला कुणी सांगितलं

करार आणि हिशोब दोन्ही जमले तर मगच मी बातमीदाराकडे वळते. एलियट फ्रीडमन, पिएर लब्रन, डॅरेन ड्रेगर यांच्यासारखे लीगभर फोन असलेले लोक एका बाजूला, आणि रिक धालीवालसारखे व्हँकूव्हरचेच, इथल्या एजंटांशी रोज बोलणारे दुसऱ्या बाजूला. दोघांची माहिती वेगवेगळ्या दारांतून येते, म्हणून एकाच गोष्टीबद्दल दोघं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांत बोलले तर तिला वजन येतं. एकाचं म्हणणं दुसऱ्याने सांगितलं, तिसऱ्याने त्यावर कार्यक्रम केला आणि चौथ्याने मथळा दिला, तर माणसं चार असली तरी बातमी एकच असते. मूळ वाक्यापर्यंत जा. मूळ वाक्य बहुतेक वेळा "त्यांना विचारणा झाली आहे" एवढंच निघतं.

मग बघायचं, हे बाहेर आल्याने कुणाचा फायदा. एजंटाला नवा करार हवाय आणि संघ फोन घेत नाहीये, तर "इतर संघांना रस आहे" ही बातमी त्याच्या कामाची. विकणाऱ्या जीएमला बोली वाढवायची असेल तर "तीन संघ शर्यतीत" हे त्याच्या कामाचं. घेणाऱ्या संघातूनही बातम्या फुटतात, आपण गप्प बसलेलो नाही हे प्रेक्षकांना दाखवायला. खरा व्यवहार जवळ आला की दोन्ही बाजूंना शांतता हवी असते. म्हणून तीन आठवडे रोज गाजणारं नाव आणि अचानक कुणीच बोलेनासं झालेलं नाव यांत मी दुसऱ्याकडे जास्त लक्ष देते.

बातमीत नेमकी कुठली कृती आहे, यावर माझा सगळ्यात जास्त भर असतो. "फोन ऐकून घेतायत" याला काही किंमत नाही, सगळेच जीएम सगळ्यांबद्दल ऐकून घेतात. "एजंटाला इतर संघांशी बोलायची परवानगी दिली" ही खरी पायरी, कारण परवानगी कुणीतरी द्यावी लागते आणि ती नाकारताही येते. "खेळाडूकडे यादी मागितली" त्याहून पुढची. आणि तंदुरुस्त खेळाडूला ट्रेडच्या कारणासाठी सामन्यातून बाहेर बसवलं, तर तो जाणार हे धरून चला. दुखापत झाली तर त्याची सगळी किंमत जाते, म्हणून बसवतात.

पण कुठे जाणार हे तेव्हाही ठरलेलं नसतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲरिझोनाने जेकब चिक्रनला असंच बाहेर बसवलं. सगळीकडे लॉस एंजेलिसचं नाव चाललं होतं. तो १ मार्चला ओटावाला गेला. त्याच सुमारास कोलंबसने व्लादिस्लाव गाव्रिकोव्हला बसवलं, चर्चा बॉस्टनची होती. बॉस्टनने दुसराच डिफेन्समन घेतला आणि गाव्रिकोव्ह गेला लॉस एंजेलिसला. दोन्ही वेळा "जाणार" हे खरं ठरलं आणि "कुठे" हे चुकलं. म्हणून माझ्या वहीत हे दोन वेगळे रकाने आहेत. जाणं हे खेळाडू आणि त्याच्या संघाच्या मनात असतं, त्याचा सुगावा लागतो. ठिकाण मात्र शेवटच्या तासात, पाचव्या-सहाव्या बोलीवर ठरतं.

क्विन ह्यूजच्या वेळी हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलं. तो आमचा कर्णधार, २०२४ चा नॉरिस ट्रॉफी विजेता, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम डिफेन्समन. या संघाच्या बचावात त्याच्यासारखा डिफेन्समन मी कधी पाहिला नाही आणि त्याचं जाणं मला आजही लागतं. त्याचे दोन्ही भाऊ न्यू जर्सीच्या संघात. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष जिम रदरफोर्ड यांनीच पत्रकारांसमोर सांगितलं की भावांबरोबर खेळायची इच्छा त्याने बोलून दाखवली आहे. तिथून पुढे प्रत्येक चर्चेत न्यू जर्सी गृहीतच धरली गेली. मी त्या उन्हाळ्यात त्याचा करार उघडून बसले होते: वर्षाला ७८.५ लाख, संपणार २०२७ मध्ये, म्हणजे १ जुलै २०२६ पासून वाढवता येणार. ज्या खेळाडूबद्दल तो नवा करार करणार नाही असं संघाला वाटतं, त्याची किंमत त्या तारखेपर्यंत सगळ्यात जास्त असते. घेणाऱ्याला त्याच्याबरोबर दोन प्लेऑफ मिळतात. त्यामुळे २०२५-२६ च्या हंगामात संघ हरत राहिला तर हा प्रश्न उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाही, हे करारातच दिसत होतं. १२ डिसेंबर २०२५ ला तो गेला, आणि गेला मिनेसोटा वाइल्डकडे. बदल्यात झीव्ह ब्यूअम, मार्को रॉसी, लियाम ओग्रेन आणि पहिल्या फेरीचा पिक आला. भाऊ न्यू जर्सीत आहेत ही गोष्ट खरीच होती. पण न्यू जर्सीला एवढं देणं जमणं आणि कॅप बसवणं या वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्या तपासायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

रदरफोर्ड यांच्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ते स्वतः खूप बोलतात. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच जे. टी. मिलर आणि इलायस पेटरसन यांच्यातल्या दुराव्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्राला उघड मुलाखत दिली. संघाचा अध्यक्ष नाव घेऊन बोलला की ती अफवा राहत नाही, दुकान उघडल्याची पाटी होते. त्या आठवड्यातच, ३१ जानेवारीला, मिलरने नो-मूव्ह कलम बाजूला ठेवलं आणि तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. रेंजर्सनीच त्याला २०११ मध्ये ड्राफ्ट केलं होतं. कलम असलेला खेळाडू कुठे हो म्हणेल याचा अंदाज बांधताना जुना संघ, घर, कुटुंब या गोष्टी बघाव्यात, त्या तिथे खरंच उपयोगी पडतात.

तारखा

ख्रिसमसच्या आधी १९ डिसेंबरच्या रात्रीपासून २७ पर्यंत ट्रेड बंद असतात. त्या आधीचा आठवडा म्हणून तापतो, ह्यूजचा व्यवहार त्याच आठवड्यातला. २०२६ मध्ये ऑलिंपिकसाठीही फेब्रुवारीत असाच बंदीचा काळ होता, आणि डेडलाइन ६ मार्चला आली. डेडलाइन पूर्वेकडच्या वेळेने दुपारी ३ वाजता, म्हणजे आमच्याकडे बाराला. बारा वाजून गेल्यावरही व्यवहार जाहीर होत राहतात, कारण वेळेत लीगकडे नोंदवलेले व्यवहार एकेक करून तपासले जातात. साडेबाराला "काहीच झालं नाही" म्हणून टीव्ही बंद करू नका. त्यानंतर जूनअखेरचा ड्राफ्ट आणि १ जुलै. नोव्हेंबरात गाजणाऱ्या बहुतेक नावांचं पुढे काही होत नाही.

गाजूनही न झालेलं, आणि न गाजता झालेलं

ब्रॉक बेसर २०२५ च्या डेडलाइनला जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. करार संपत होता, नवा होत नव्हता, सगळी चिन्हं जुळत होती. तो राहिला. जीएम पॅट्रिक ऑल्विन त्या दिवशी म्हणाले की त्याच्यासाठी काय देऊ केलं होतं ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. मग तो उन्हाळ्यात मोकळा होऊन जाणार हे धरलं गेलं, आणि १ जुलैला त्याने आमच्याशीच सात वर्षांचा, वर्षाला ७२.५ लाखांचा करार केला. बाजारात देऊ केलेली किंमत कमी असेल तर सगळी चिन्हं असूनही ट्रेड होत नाही. तेव्हा "का जाईल" याच्या शेजारी "त्याच्यासाठी आत्ता कोण काय देईल" हेही लिहा.

उलट उदाहरण मिक्को रांतानेनचं. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री कोलोरॅडोने त्याला कॅरोलायनाला दिलं तेव्हा भल्याभल्यांना आधी पत्ता नव्हता. शिकागोने मध्ये पडून त्याचा निम्मा पगार उचलला. कॅरोलायनाशी त्याचा लांबचा करार जमेना, आणि डेडलाइनला, ७ मार्चला, तो डॅलसला गेला आणि लगेच वर्षाला १ कोटी २० लाखांवर आठ वर्षांसाठी बांधला गेला. दुसरा ट्रेड मात्र करार उघडून बघणाऱ्याला आधी दिसू शकत होता: उन्हाळ्यात मोकळा होणारा मोठा खेळाडू, सही होत नाहीये आणि डेडलाइन जवळ आलीये. पुढे मेमध्ये सातव्या सामन्याच्या तिसऱ्या पिरियडमध्ये तीन गोल करून त्याने कोलोरॅडोलाच घरी पाठवलं.

किंमत कशी ताडायची

चाहत्यांच्या बेतांत एक दोष हमखास असतो: आपल्याला नको असलेले तीन खेळाडू देऊन दुसऱ्याचा हवा असलेला एक घ्यायचा. तुम्ही समोरच्या संघाच्या खुर्चीत बसून बेत वाचा. त्यांना सेंटर हवाय की डिफेन्समन, त्यांना यंदा जिंकायचंय की तरुण पोरं गोळा करायचीत, त्यांच्या कर्णधाराचा करार कधी संपतो. ह्यूजसाठी मिनेसोटाने जे दिलं त्यात ब्यूअम होता, कारण एवढा डिफेन्समन जाताना त्या जागी वाढू शकेल असा तरुण डिफेन्समन मागणं साहजिक होतं.

पिकलाही नुसता कागद समजू नका, तो पुढे चालतो. २०१३ च्या ड्राफ्टच्या दिवशी कनक्सने गोलकीपर कोरी श्नायडर न्यू जर्सीला दिला आणि नववा पिक घेतला. बाहेर जाणार म्हणून महिनोन्‌महिने गाजत होता तो रॉबर्टो लुओंगो. पण त्याचा बारा वर्षांचा, ६ कोटी ४० लाखांचा करार कुणी उचलेना, म्हणून जायला लागलं श्नायडरला. लुओंगो पुढच्या मार्चमध्ये फ्लोरिडाला गेला. त्या नवव्या पिकने बो होर्व्हॅट आला, कर्णधार झाला, आणि जानेवारी २०२३ च्या शेवटी न्यूयॉर्क आयलँडर्सकडे गेला. तिथून आलेला पहिल्या फेरीचा पिक महिनाभरात डेट्रॉइटला देऊन कनक्सने फिलिप ह्रोनेक आणला. ह्रोनेक कसा खेळतो यावर २०१३ च्या त्या दुपारचा हिशोब अजून चालू आहे.

मिलरच्या वेळी तर हे एका रात्रीत झालं. रेंजर्सकडून आलेला पिक त्याच रात्री पिट्सबर्गला गेला आणि मार्कस पेटरसन व ड्रू ओकॉनर आले. त्या पिकला पहिल्या तेरात संरक्षण होतं: निवड पहिल्या तेरांत आली तर रेंजर्स तो ठेवून पुढच्या वर्षीचा देऊ शकत होते. निवड बारावी आली, तरी त्यांनी तोच देऊन टाकला, कारण पुढच्या वर्षीचा कदाचित आणखी वरचा निघेल ही भीती. "पहिल्या फेरीचा पिक मिळाला" एवढं वाचून थांबू नका. संरक्षण कितीपर्यंत आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे शोधा.

वही

मी साधी वही ठेवते. तारीख, खेळाडू, मूळ सांगणारा, नेमकी कृती, जाणार का, कुठे, आणि हे खरं-खोटं कधीपर्यंत कळेल. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर ती बातमी मी लिहीतच नाही, कारण ती कधी चुकूच शकत नाही. एक हंगाम संपला की सांगणाऱ्यांच्या नावाने पानं चाळायची. कोण "जाणार"मध्ये बरोबर आणि "कुठे"मध्ये सैल, कोण फक्त एका एजंटाच्या खेळाडूंबद्दल बरोबर असतो, हे आपोआप दिसायला लागतं. डेडलाइनच्या दिवशी प्रसिद्ध बातमीदारांच्या नावात एखादं अक्षर बदलून खोटी खाती फिरतात, म्हणून कुठलीही खबर पुढे पाठवायच्या आधी खात्याचं नाव अक्षर अक्षर वाचा.

भाच्याला मी आणखी एक गोष्ट बजावून ठेवली आहे. ट्रेडची चर्चा करताना खेळाडूच्या कुटुंबाच्या खात्यांवर जाऊन काही लिहायचं नाही, त्याच्या मुलांची शाळा, घर विकायला काढलंय का, यात डोकवायचं नाही. तशा "पुराव्यांवर" उभ्या राहिलेल्या बातम्या मी वहीत घेत नाही आणि कुणाला सांगतही नाही. या माणसांना बर्फावर उतरून याच गर्दीसमोर खेळायचं असतं.

ट्रेड जाहीर झाल्यावर लगेच मत बनवू नका. संघाच्या पहिल्या पत्रकात पगार किती राखला, पिकच्या अटी काय, हे पुष्कळदा नसतं. ते संध्याकाळपर्यंत बाहेर येतं. तोवर करार पुन्हा उघडा, नव्या संघाच्या कॅपमध्ये तो आकडा बसवून बघा, आणि जो गेला त्याच्या जागी उद्याच्या सामन्यात पहिल्या पॉवर प्लेला (समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) कोण उभा राहणार ते शोधा.